जिजीची कोरफड

जिजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी डोक्याकडे. गल्लीत नवे भाडेकरू सामान उतरवत असोत, मीटर बघायला माणूस आलेला असो की कुणाची नवी सून माप ओलांडत असो, जिजीची नजर कपाळाच्या वर जाऊन थांबायची आणि तेवढ्यात तिला बरंच काही कळायचं. कोण ओले केस बांधून झोपतं, कुणी रागारागात वेणी घातलीय, कुणाला डोक्याला हात लावायला सवड मिळत नाही. चेहरे मात्र तिच्या लक्षात राहत नसत. माझ्या नवऱ्याला ती लग्नानंतर कितीतरी दिवस ‘ते उजवीकडं भांग पाडणारे’ असंच म्हणायची.

जिजी आमच्या शेजारची. सिडकोच्या रो-हाउसांच्या रांगेत तिचं आणि आमचं घर एकाच भिंतीनं जोडलेलं होतं. तिकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे आई गॅस बारीक करायला उठायची, इतकी ती भिंत पातळ. तिचे मिस्टर आणि माझे वडील चिकलठाण्याच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. दोन्ही घरं मूळची फुलंब्रीकडची, त्यामुळे पहिल्या भेटीत नातं निघतंय का ते बघून झालं. आजोळापर्यंत जाऊनही निघालं नाही, तेव्हा माझ्या वडिलांनी तिला सरळ जिजी म्हणायला सुरुवात केली. मग आई, आम्ही पोरं आणि हळूहळू अख्खी गल्ली तिला जिजीच म्हणू लागली.

एवढ्या डोक्यांचा कारभार बघणाऱ्या बाईचा स्वतःचा अंबाडा मात्र सुपारीएवढा होता. तोही सहसा कुणाला दिसायचा नाही, कारण डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. भांडी घासताना, वाळवण घालताना, भांडताना, पदर जागच्या जागी. आम्ही पोरं पैज लावायचो की जिजी झोपेतही पदर घेते. तिच्या कानावर ते गेलं तर म्हणाली, “घेते की. तुमच्यासारखी टवाळं स्वप्नात येतेत.”

माझे केस कुरळे. घरात बाकी सगळ्यांचे सरळ, त्यामुळे माझ्या डोक्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आई बारीक दातांची फणी घेऊन माझ्या मागे बसायची आणि कोरडेच केस वरून खाली ओढायची. फणीचे दात तुटायचे, मी किंचाळायचे, आणि शेवटी डोक्यावर पिंजारलेल्या केसांचा एक मोठा भारा तयार व्हायचा. शाळेत एका बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं होतं, का तर माझ्यामागच्या मुलींना फळा दिसत नाही म्हणून. तरी मला माझे केस आवडायचे. सगळ्या घरात माझ्या एकटीकडेच होते, आणि मी जात्याच हावरट.

मी चौथीत होते तेव्हा लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं आणि आमच्या नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी यायला लागलं. शहर मात्र वाढतच होतं. बायपासच्या दोन्ही अंगांना इमारती उठत होत्या, शेंद्र्याला नवी एमआयडीसी येणार म्हणून जमिनींची बोलणी चालली होती, रोज सिमेंटचे ट्रक धुरळा उडवत जात होते. आम्हाला प्यायला पाणी नव्हतं आणि स्लॅबवर मारायला मात्र होतं. ते कुठून यायचं हे मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

त्या दिवसांत आईनं ठरवलं की माझे केस कापायचे. तिचंही चुकत नव्हतं. माझं एक डोकं धुवायला जेवढं पाणी लागायचं तेवढ्यात दोन दिवसांची भांडी निघायची. तिनं मला मोरीच्या उंबऱ्यात बसवलं, ब्लाउज बेतायची कात्री आणली, आणि मी भोकाड पसरलं. भिंत पातळ असल्याचा तो एकदाच मला फायदा झाला. जिजी अनवाणी धावत आली.

“वैनी, कातर ठेवा खाली,” ती म्हणाली. “हिच्या डोक्याला तांब्या-दोन तांबे पाणी पुरंल. नाय पुरलं तर आमच्या वाट्याचं घ्या.”

आईला ते आवडलं नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या केसांचं हिला काय पडलंय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. तेव्हा जिजी तिथंच मोरीपाशी फतकल मारून बसली आणि बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायला लागली. ती तेव्हा माझ्याएवढीच. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि लेकी तिथंच, सरकारी वाटपाच्या सुकडीच्या पिठावर वाढत होत्या. केसांत दगडाचा भुगा, उवा, आणि धुवायला पाणी नाही. एके दिवशी तिच्या आईनं तिन्ही पोरींना ओळीनं बसवलं आणि मेंढरं कातरायच्या कातरीनं मुळापासून केस उतरवले. त्या काळीही तसं डोकं म्हटलं की नवरा गेलेली बाईच आठवायची. पोरं मागं लागून ‘बोडकी, बोडकी’ ओरडायची. जिजीनं तो सगळा उन्हाळा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन काढला.

“मायचा तरी काय दोष,” ती म्हणाली. “पर तिनं इचारलंबी नाय वैनी. बसवलं अन् कातरलं. मंग केस आले, ते असे. आले न आले सारखेच.”

आईनं कात्री शिलाई मशिनच्या खणात ठेवून दिली. त्या रविवारपासून माझं डोकं जिजीच्या ताब्यात गेलं.

जिजीच्या अंगणात कोरफड होती. अंगण कसलं, फाटकापासून ओट्यापर्यंतची चार पावलं जागा, पण तिथं रंगाचे रिकामे डबे, फुटका माठ, कुणीतरी टाकून दिलेला वॉशिंग मशिनचा ड्रम, सगळ्यांत कोरफड माजली होती. त्या उन्हाळ्यात गल्लीतले गुलाब गेले, मोगरे गेले, एका काकूंची लाडकी जास्वंद गेली, आणि जिजीची कोरफड तेवढी मनगटाएवढ्या पानांची उभी होती. जी झाडं आपल्याकडं पाणी मागत नाहीत तीच डोक्याला लावायची, हा तिचा नियम. म्हणून कोरफडीच्या जोडीला जवस आणि करडईचं तेल. तिन्ही आमच्या कोरडवाहू मुलखातली, त्यामुळे दुष्काळात तिचं काही अडलं नाही.

करायची रीत ठरलेली. पान बाहेरच्या बाजूचं, बुडाशी असलेलं घ्यायचं, मधलं कोवळं कधीच नाही. बुडातून कापलं की पान तांब्यात उभं करून ठेवायचं, म्हणजे त्यातला पिवळा चीक आपोआप निथळतो. या कामाला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यायचा. मी चुळबुळ करायला लागले की ती म्हणायची, “मंजे, घाई आसंल तर दुकानातून शांपूची पुडी आण जा.” चीक निथळला की पान धुवायचं, दोन्ही कडांचे काटे कापायचे, मधोमध चिरायचं आणि चमच्यानं गर खरवडायचा. तिकडे जवस पाण्यात उकळत असायचे. पाण्याला तार सुटली की ते गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं, कारण गार झालं की ते फडक्यातून खाली उतरत नाही. मग गर आणि जवसाचं पाणी एकत्र करून रवीनं घुसळायचं आणि वर करडईच्या तेलाचे थेंब. ही रवी वेगळी होती. एकदा तिच्या मिस्टरांनी चुकून त्याच रवीनं ताक केलं आणि दिवसभर जेवण बुळबुळीत लागतंय म्हणत बसले.

केस आधी ओले करायचे आणि मग बट-बट सुटी करून ते लावायचं. फणी नाही, कंगवा नाही, फक्त बोटं, आणि तीही खालून वर जाणारी. आधी टोकाचा गुंता, मग त्याच्या वरचा. पहिल्या रविवारी मी डोळे गच्च मिटून बसले होते, दुखणार म्हणून. दुखलं नाही. थंडगार गर टाळूवरून मानेपर्यंत उतरत होता आणि जिजीची बोटं गुंत्यातून अशी जात होती की मला झोप यायला लागली. मग डोकं फडक्यात बांधून तिचा स्वयंपाक उरकेपर्यंत बसायचं, आणि मग खाली घमेलं ठेवून तांब्याच्या बारीक धारेनं धुवायचं. घमेल्यातलं पाणी परत कोरफडीला. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, सुती कापडात नुसतं दाबायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

वाळले तेव्हा तो भारा गेला होता. प्रत्येक बट वेगळी, गोल, चमकणारी. मी आरशासमोरून हलेना. आई आली, तिनं माझं डोकं एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं आणि जिजीसाठी चहा ठेवला. सोमवारी शाळेत मी जी मान ताठ करून गेले ती अजून खाली आलेली नाही, असं माझे वरिष्ठ म्हणतात.

पुढं पाऊस आला, दुष्काळ सरला, पण रविवार चालूच राहिले. गल्लीतल्या बायका आपापल्या पोरींना घेऊन यायला लागल्या, मग स्वतःची डोकी घेऊन. शेंद्र्याच्या कंपन्या सुरू झाल्या तशा लांबून लांबून आलेल्या नोकरदार मुली आमच्या भागात भाड्यानं राहायला आल्या, त्याही ओट्यावर येऊन बसायच्या. जिजी कधी कुरळ्यांना हसली नाही की सरळांना तिनं मोठेपणा दिला नाही. कुणाचेही केस हातात घेतले की आधी त्यांचं काय चांगलं आहे ते सांगायची. पातळ असले तर “लई मऊ हायत”, राठ असले तर “दम हाय यांच्यात”. आयुष्यभर आपल्या डोक्याबद्दल वाईटच ऐकलेल्या बायका तिला ते पुन्हा म्हणायला लावायच्या. जाताना कोरफडीचं एखादं पिल्लू मिळायचं आणि सोबत अट, की वर्षभर त्याचं पान तोडायचं नाही. अट मोडलेली तिला कशी कोण जाणे कळायची.

कोपऱ्यावर पार्लर झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं की जिजीचे रविवार आता बंद पडणार. उद्घाटनाला ती पेढा खायला गेली, केस सरळ करायचं यंत्र कसं चालतं ते उभं राहून सगळं बघून आली आणि ओट्यावर बसल्यावर एवढंच म्हणाली की वास जळल्यावानी येतो. महिन्याभरात पार्लरवाली स्वतःच जिजीकडे डोकं घेऊन आली. यंत्रानं तिचेच केस तडकले होते. जिजीनं तिला एका शब्दानं टोमणा मारला नाही. टोमणे मारायचं काम मी केलं.

माझ्या लग्नाच्या वर्षी पुन्हा पाण्याची बोंब होती. सासरकडून कुणीतरी हळूच सुचवलं की लग्नापुरते केस सरळ करून घ्या, फोटो चांगले येतात. आई डगमगली. जिजीनं सासूबाईंना चहाला बोलावलं आणि अगदी गोडीत सांगितलं, की तुम्ही बघून पसंत केलेली पोरगी एक अन् मांडवात उभी केलेली दुसरी, असं आम्ही करत नसतो. सासूबाई हसल्या आणि विषय संपला. पण हळदीच्या आधी जिजीला माहेरी फुलंब्रीला जावं लागलं आणि आईनं मोठ्या हौसेनं माझ्यासाठी कोरफड स्वतः करायला घेतली. इतकी वर्षं बघितलेलं, त्यात काय अवघड, असं तिचं म्हणणं. पाहुण्यांच्या गडबडीत तिनं पान कापलं ते तसंच चिरलं. चीक निथळायला उभं करायचं राहून गेलं.

हळदीला बसल्यावर माझं डोकं जे खाजायला लागलं ते थांबेना. कपाळाला हळद, हातात सुपारी, समोर सासरच्या बायका, आणि मी दोन्ही हातांनी डोकं खाजवतेय. नवऱ्याची आत्या सासूबाईंच्या कानाशी लागली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका: पोरीच्या डोक्यात उवा तर नाहीत ना, एकदा बघून घ्या. आईचं तोंड पडलं. तेवढ्यात जिजी एसटीतून उतरून थेट मांडवात आली. पिशवी हातातच होती. तिनं माझं डोकं हुंगलं आणि आईकडे बघून म्हणाली, “चीक तसाच घातला व्हय?” मग सगळ्यांसमोर मला उठवून मागं नेलं, आचाऱ्याच्या टँकरमधून बादली भरून घेतली आणि माझ्या डोक्यावर ओतली, मग आणखी एक. मी म्हटलं, जिजी, पाणी. ती म्हणाली, आज नाय मोजायचं. खाज गेल्यावर तिनं सासरच्या बायकांना एकेक करून बोलावलं, माझ्या बटा सोडून दाखवल्या आणि म्हणाली, “बघा, नीट बघा. उजेडात बघा.” ज्या आत्यांनी उवांचा शोध लावला होता त्या जाताना कोरफडीचं पिल्लू घेऊन गेल्या.

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत लागले. जिजी थकत गेली. गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला आणि इतका उंच झाला की सगळ्यांचे ओटे खड्ड्यात गेल्यासारखे दिसायला लागले. त्या रस्त्याच्या कडेला अडखळून जिजी पडली. डोक्याला मार लागला, पण रक्त नव्हतं, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. काही आठवड्यांनी ती चालताना एका बाजूला जायला लागली, नावं चुकवायला लागली. तिच्या मुलानं, संतोषदादानं, तिला दवाखान्यात नेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कवटीला भोक पाडून ते काढायचं ठरलं.

दुपारी मला संतोषदादाचा फोन आला, की तू लगेच ये. मी कंपनीच्या बुटांवरच गेले. जिजी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी पदरासकट डोकं घट्ट धरून होती. समोर न्हावी मशीन घेऊन अवघडून उभा. डॉक्टरांनी संतोषदादाला समजावलं होतं, संतोषदादानं वहिनीला सांगितलं होतं, कागदांवर सह्या झाल्या होत्या. जिजी मात्र कुणाला जवळ येऊ देत नव्हती. गेले कितीतरी दिवस जिच्या हातातून चहाचा कप सुटत होता तिच्या हातांत एवढं बळ कुठून आलं होतं, देव जाणे.

मी न्हाव्याला बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याजवळ बसले. म्हटलं, “जिजी, तुझ्या डोक्यात रक्त साकळलंय. ते काढायचं तर केस काढावे लागतील, त्याशिवाय होणार नाही. काढू का?”

तिनं माझ्या केसांकडे बघितलं.

“सकाळपासून समदे सांगतेत,” ती म्हणाली. “इचारलं कुणीच नाय.” मग तिचे हात खाली आले. “काढ. पर आधी धुऊन घे. डॉक्टरच्या हातात मळकं डोकं नाय द्यायचं.”

डोकं धुवायचंच होतं, संध्याकाळच्या आत उरका, असं सिस्टर म्हणाल्या. मी आणि संतोषदादा घरी आलो. मी ड्रममधलं एक जाड पान कापलं आणि तांब्यात उभं केलं. चीक एकेक थेंब उतरत होता. संतोषदादा दारात येरझाऱ्या घालत होता, पान दाबून पिळून घे ना म्हणत होता. मी नाही म्हटलं. माझी आई पलीकडून न बोलावता आली, तिनं जवस उकळायला ठेवले आणि पान पुरतं निथळल्याशिवाय मला सुरीला हात लावू दिला नाही.

दवाखान्यात पलंगावरच खाली घमेलं धरून मी तिचे केस सोडले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होते. पातळ, पांढरे, पण कमरेपर्यंत. आणि एकही गुंता नव्हता. मी गर लावत गेले आणि माझी बोटं कुठंही अडली नाहीत. तिनं डोळे मिटून घेतले होते. धुऊन, सुती कापडात टिपून झाल्यावर मी कात्री घेतली. मी एक बट टोकाशी धरली, तर तीच म्हणाली, “बुडातून धर. भिऊ नगस.” मी कापले. उरलेलं मशीनचं काम न्हाव्यानं केलं, तेही ‘मावशी, करू का?’ असं विचारून. कापलेल्या केसांचं काय करू, असं मी तिला रडत रडत विचारलं. तर म्हणते, “काय करती? केसच हायत ते.”

ऑपरेशन नीट झालं. जिजी त्यानंतर आणखी काही उन्हाळे आमच्यात होती आणि एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. तिच्या मागं गल्लीत असं एक घर नाही जिथं तिची कोरफड नाही. मला कंपनीत बढत्या मिळाल्या, शंभर माणसांच्या खात्याची मी मुख्य आहे, भाषणंबिषणं होतात. पण माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो दवाखान्यातून घरी आल्यावरच्या तिच्या पहिल्या रविवारी.

त्या सकाळी जिजी ओट्यावर येऊन बसली. टाके निघाले होते, डोकं पुरतं उघडं. पदर तिनं खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला होता. जन्मभर जिचा पदर ढळला नाही ती बाई भर उन्हात, भर गल्लीत तशी बसलेली बघून येणारे-जाणारे मान खाली घालून पुढं जात होते. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना राहवलं नाही. रस्ता ओलांडून आल्या आणि कळवळून म्हणाल्या, “अगं बाई, असे कुणी हो काढले तुमचे केस?”

मी शेजारीच जवस निवडत होते. जिजीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

“आमच्या मंजीनं काढले,” ती म्हणाली. “मला इचारून.”